सर्व डॉट एचचे वडे

"वडे कुठायत?" रेगेबाईंनी विचारलं.

मी, पाठारे आणि मुजावर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. आत्ताच देवस्थळी साहेब येऊन सांगून गेले होते, की बंदराचं काम हातचं गेलं तर 'मेरू' बंद, आणि आपला हा वरचा मजला खालच्या पंख्यांच्या कारखान्याला भाड्यानं. असलं काही कानावर आलं की माणूस पाणी मागतो. ही बाई वडे मागत होती.

"बाई, आत्ता?" पाठारे म्हणाला. "घशाखाली उतरतील का?"

"खायला नाही मागत रे. विचारतेय. शेवटचे वडे कधी खाल्ले आपण?"

मुजावर सांगलीकडचा. खाण्याच्या बाबतीत त्याची आठवण पक्की. "दिवाळीच्या आदी, बाई. ते बी तुमीच आणलेले."

"आणि आता बाजारात आंबे आलेत," रेगेबाई म्हणाल्या. "इतक्या महिन्यांत तुमच्यापैकी एकानंही वडे आणलेले नाहीत. आता मला सांगा, याचा अर्थ काय?"

वड्यांचा आणि नोकरीचा काय संबंध ते आधी सांगायला हवं. माझ्या नातवंडांना ही गोष्ट सांगितली की ती म्हणतात, आजी, फेकू नकोस. फेकते मी अधूनमधून, पण या गोष्टीत फार गरजच पडत नाही.

भोसरीत एका शेडच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली पंखे बनायचे, वर आम्ही. आम्ही बनवायचो मेरू, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. बाहेरची विकत घ्यायची तर परवडायची नाही, म्हणून रेगेबाईंनी ती पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायला घेतलेली. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं, आणि हसल्या की डोळे पार मिटायचे. आम्ही नंतर येऊन चिकटलो.

आता अशा मोठ्या कामाचे शेकडो तुकडे असतात, प्रत्येक वेगळ्या फाइलीत. या फाइलीला त्या फाइलीतली वस्तू वापरायची असेल, तर ती वस्तू केवढी, कशी, हे आधी कळावं लागतं. ते जिथं लिहून ठेवतात त्या फाइलीला म्हणायचं हेडर. आमच्याकडे एकच थोरलं हेडर होतं, त्याचं नाव सर्व डॉट एच, एच म्हणजे हेडर. मेरू एवढासा होता तेव्हा रेगेबाईंनीच ते केलं होतं, सगळं एका जागी सापडावं म्हणून. मग मेरू वाढला आणि सर्व डॉट एचही वाढलं. प्रत्येक फाइलीची पहिली ओळ म्हणजे सर्व डॉट एचला बोलावणं. चिमूटभर हिंग हवा म्हणून वाण्याचं अख्खं दुकान घरी उचलून आणायचं, तसला प्रकार. बरं, दुकानातली एक बरणी जरी सरकली, तरी घरोघरच्या लोकांनी पुन्हा दुकान उचलून आणायचं. म्हणजे सर्व डॉट एचमध्ये एक अक्षर बदललं की सगळा मेरू नव्यानं कंपाइल, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत पुन्हा पहिल्यापासून उतरवायचा.

आणि मशीन सगळ्यांत मिळून एक! ते कंपाइलला बसलं की बाकीच्यांची टर्मिनलं, म्हणजे आमच्या समोरचे पडदे आणि कळफलक, मेल्यासारखी. मी एक अक्षर दाबून डबा खाऊन यायचे, तेव्हा कुठं ते काचेवर उमटायचं. एकदा कंपाइल चालू असताना पाठारेनं मिशा वाढवल्या, त्या शोभेनात म्हणून काढल्या, तरी कंपाइल चालूच. अकाउंट्समधल्या एका मुलीचं तेवढ्यात लग्न ठरलं, मोडलं, आणि दुसरीकडे ठरलं. पत्रिका मी स्वतः पाहिलीय.

म्हणून मजल्याचा नियम होता. सर्व डॉट एचला जो हात लावेल, त्यानं कोपऱ्यावरच्या तात्यांच्या गाडीवरून सगळ्यांना वडे आणायचे. आमची दुपार खाल्लीस, मग आमची पोटं तरी भर.

"अर्थ असा की बाई, तुमचं हेडर आता पूर्ण झालंय," पाठारे म्हणाला. "काही बदलावंच लागत नाही."

"बरं. मग त्या दिवशी कॅप्टनसमोर काय झालं?"

त्या दिवशी काय झालं तेही सांगते.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे कोकणातलं एक बंदर. ट्रक वजनकाट्यावर चढला की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये यायला हवं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. त्यांचे कॅप्टन डिमेलो बघायला आले होते. पांढरा शर्ट, चाकूसारखी इस्त्री. काट्यावर वजन ठेवलं आणि कोपऱ्यातला प्रिंटर स्वतःहून सुरू झाला. वजन उचललं, प्रिंटर थांबला. पुन्हा ठेवलं, पुन्हा सुरू. कागदाची लांबच लांब जीभ बाहेर. देवस्थळी साहेबांना एवढा घाम फुटला, की खालच्या कारखान्यातून पंखे मागवावे लागले.

कॅप्टन शांतपणे म्हणाले होते, "मी पुन्हा येईन. येताना आमच्या दुसऱ्या धक्क्यावरचा काटा आणीन, तुम्ही कधी न पाहिलेला. तो माझ्यासमोर जोडायचा. सकाळी सुरू करा, जेवायच्या आधी चाललेला दाखवा. आधीच्या कंपनीनं अशा एकेका बदलाला महिने लावले. मला पुन्हा तसे लोक नकोत."

जेवायच्या आधी! नवा काटा म्हणजे, जोडलेल्या यंत्राची माहिती कुठल्या खणात ठेवायची ते सांगणाऱ्या उपकरणाच्या वर्णनात बदल, म्हणजे सर्व डॉट एच, म्हणजे पुढची आषाढी.

"हे बघा," रेगेबाई म्हणाल्या, "कामं तर तुम्ही सगळे करताय. नव्या गोष्टी घालताय. त्या सर्व डॉट एचमध्ये नाहीत. मग आहेत कुठं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"शैला?"

"बाई, सगळेच करतात," मी म्हटलं.

"काय करतात?"

शेवटी मुजावरनं तोंड उघडलं. "हेडरला हात लावला की दुपार जाती, वडे आणावे लागत्यात, वर शिव्या. म्हणून मग जे पाहिजे ते तिथनं उचलायचं, आपल्या फाइलीत चिकटवायचं, आनि तिथंच बदलायचं. कुणाला तरास न्हाई."

"पाठारे, उपकरणाचं वर्णन तूही असंच उचललंस?"

"काट्यासाठी एक खण वाढवायचा होता फक्त," पाठारे पुटपुटला. "मधोमध."

रेगेबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांचे डोळे मिटले. त्या हसत होत्या! हसत हसत खुर्चीत मागं कलंडल्या.

"अरे, म्हणजे एकच पेटी, याच्या घरी पाच खणांची आणि त्याच्या घरी चार खणांची! हा तिसऱ्या खणात वजन ठेवतो, आणि प्रिंटर बघणाऱ्या मुजावरच्या घरी तिसरा खण म्हणजे प्रिंटर चालू करायचा. मग होईल काय दुसरं?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "वडे वाचवायला गेलात आणि बंदर घालवून बसलात."

"चुकलं, बाई," पाठारे म्हणाला.

"तुमचं नाही चुकलं. सरळ वाटेनं गेलं की दंड, म्हणून माणसं कुंपणावरून उड्या मारतात. वाट मी बांधलीय." त्या उठल्या. "सर्व डॉट एच मोडायचं."

आम्ही तिघं एकदम ओरडलो. खरं सांगते, त्यांच्यापेक्षा आमचंच त्या फाइलीवर जास्त प्रेम होतं. त्यात मध्यावर एक ओळ होती, तिच्या वर रेगेबाईंनी लिहिलेलं, 'ही ओळ इथंच राहू द्यावी. कारण विचारू नये.' ती ओळ हलवली की सगळा मेरू कोसळायचा. दसऱ्याला मी टर्मिनलच्या काचेवर नेमकं त्या ओळीपाशी चिकटपट्टीनं झेंडूचं फूल लावायचे, आणि सांगते, फूल लावलं की त्या दिवशी मशीन जरा नीट चालायचं.

"बाई, निदान त्या ओळीचं कारण तरी सांगा आधी," मी म्हटलं.

रेगेबाई टर्मिनलजवळ गेल्या. ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"मलाच आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं आम्ही ज्या ओळीला देव मानलं, तिचं कारण ती लिहिणाऱ्या बाईंनाच माहीत नव्हतं! दुसरं कुणी असतं तर काहीतरी ठोकून दिलं असतं. मी तर नक्कीच दिलं असतं, आणि छान दिलं असतं. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "चला, शोधू या."

दुसऱ्या दिवसापासून वरचा मजला म्हणजे सामान हलवायचं घर झालं. सर्व डॉट एचमधली एकेक गोष्ट काढायची आणि तिच्या तिच्या छोट्या हेडरमध्ये ठेवायची. उपकरणाचं उपकरण डॉट एचमध्ये, घड्याळाचं घड्याळ डॉट एचमध्ये, कामांच्या रांगेचं रांग डॉट एचमध्ये. ऐकायला सोपं आहे. पण ही हेडरं वर्षानुवर्षं एकत्र कुटुंबात वाढलेली. मोठ्या भावाच्या शर्टावर धाकट्याचं भागलेलं, कुणालाच स्वतःचं काय ते माहीत नाही. वेगळं काढलं की एकेक रडायला लागायचं.

मग बाईंनी परीक्षा काढली. एक रिकामी फाइल घ्यायची, त्यात फक्त एकच हेडर बोलवायचं आणि कंपाइल करायचं. "एकट्यानं घराबाहेर पडून परत येतो का बघा," त्या म्हणायच्या. "आला तर पास."

"बाई, माझं मुद्रण डॉट एच उंबऱ्याच्या बाहीर पडायला तयार न्हाई," मुजावर ओरडायचा. "म्हनतंय घड्याळ संगं पाहिजे."

"छापायला घड्याळ कशाला?"

"वेळ छापतोय न्हवं वरच्या कोपऱ्यात."

"मग त्यानं उघड सांगावं ना, की मला घड्याळ लागतं. पहिल्या ओळीत लिही. दुसरं कुणीतरी आणून ठेवेल या भरवशावर राहायचं नाही."

माझ्याकडे रांग आणि घड्याळ होतं. रांग म्हणायची, मला आधी घड्याळ लागतं. घड्याळ म्हणायचं, मला आधी रांग लागते. दोघं एकमेकांच्या दारात उभी, आधी तू, आधी तू. मी वैतागले. डोकं टेकून बसले होते, तर बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"घड्याळ रांगेचं काय करतं गं?"

"काही नाही. रांग कुठं आहे ते माहीत असतं त्याला. वेळ झाली की पलीकडच्या फाइलीला सांगतं, ही घे रांग, पुढच्याला उठव."

"म्हणजे रांगेच्या आत डोकावत नाही?"

"नाही."

"धक्क्यावरचा हमाल पेटी उचलतो. पेटीत चिनी मातीचे कप आहेत का खिळे आहेत, हे त्याला कळायला हवंय का?"

"नाही."

"पेटी आहे, एवढं कळलं की बास. घड्याळाला एका ओळीत सांग, की रांग नावाची एक वस्तू असते. कशी असते ते सांगू नकोस."

मी एक ओळ लिहिली. अख्खं रांगेचं हेडर घड्याळातून उडालं. दोघं दारातून सुटली. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं आणि मी किंचाळलेच, "बाई! ती ओळ!"

कारण विचारू नये वाली ओळ म्हणजे हाच गुंता होता. कुणे एके काळी बाईंनी घाईत या दोघांच्या मध्ये एक टेकू लावला होता, आणि त्या टेकूवर आम्ही मजले चढवत गेलो होतो. मी ती ओळ काढली. डोळे मिटले, कंपाइल केलं. काही कोसळलं नाही. फक्त खालच्या पंख्यांचा आवाज येत राहिला.

"दसऱ्याचं ते वाळलेलं फूल उतरव आता," रेगेबाई म्हणाल्या.

पण सांगते, त्या दिवसांत मी त्या बाईकडे बघतच राहायचे. स्वतः लिहिलेल्या ओळी काढताना माणसाचा हात जरा तरी अडखळतो. बाई भाजी निवडावी तशा बसायच्या. हे लागतं, हे लागत नाही, हे कुणाचं आहे रे, घेऊन जा. पाठारेचं काही चांगलं दिसलं की मोठ्यानं म्हणायच्या, "हे माझ्यापेक्षा बरं लिहिलंयस." पाठारेचे कान लाल व्हायचे.

कॅप्टन डिमेलो आले तेव्हा आमची बरीचशी हेडरं एकटी हिंडायला लागली होती. सर्व डॉट एच अजून होतंच, पण खंगलेलं. पूर्ण तयार होतो का? नव्हतो. घरात पाहुणा यावा आणि निम्मी भांडी अजून पोत्यात असावीत, तसे होतो.

कॅप्टननी काटा टेबलावर ठेवला. पाठारेनं वायर जोडली. किलोची दोन मापं आणि त्यावर अर्ध्याचं एक ठेवलं. काचेवर आकडा आला, आणि देवस्थळी साहेब खुर्चीत बसले. आकडा धड नव्हता.

"पुढचं मागं येतंय," पाठारे म्हणाला. "हा काटा वजन उलटीकडून सांगतो. आधी शेवटचा अंक, मग त्याच्या आधीचा."

"हो," कॅप्टन म्हणाले. "म्हणूनच हा आणला."

म्हणजे उपकरणाच्या वर्णनात नवा खण. हा काटा सुलटा की उलटा, हे लिहायला. म्हणजे हेडरला हात. सगळ्यांनी रेगेबाईंकडे बघितलं.

बाईंनी अंबाड्यातलं बॉलपेन काढलं, पुन्हा खोचलं.

"शैला, तात्यांना वडे सांग."

देवस्थळी साहेबांचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! वड्यांचा नियम त्यांनाही माहीत होता. वडे म्हणजे दुपार गेली, बंदर गेलं, वर पंखे आले. "रेगेबाई," ते कुजबुजले, "वडे नकोत हो."

"नियम आहे, साहेब. हेडरला मी हात लावतेय, वडे माझ्याकडून. कॅप्टन, तुम्ही घेता ना? मिरची वेगळी देतात."

मी खाली धावले. तात्या नुकतेच पहिला घाणा काढत होते. कागदात बांधून घेतले, हात भाजत वर आले. मी जिना चढत होते आणि मनात म्हणत होते, देवा, तुला हवं तेवढं खोटं बोलेन, पण आज हे खरं होऊ दे.

वर आले तर बाई नवी ओळ लिहून उठत होत्या. पाठारेनं त्याच्या फाइलीत आकडा फिरवायचं लिहिलं होतं. मुजावरनं कंपाइल सुरू केलं. मी कागद उघडला. वाफ आली. कॅप्टननी एक वडा उचलला, घास घेतला, आणि तोंड उघडं ठेवून हा-हा करायला लागले. आत जीभ भाजत होती.

"पाणी देऊ?" बाईंनी विचारलं.

"झालं," मुजावर म्हणाला.

"काय झालं?" देवस्थळी दचकले.

"कंपाइल झालं, साहेब. उपकरणाच्या आत डोकावणाऱ्या चारदोन फायलीच होत्या. बाकीच्यांना पत्ता बी न्हाई."

पाठारेनं मापं परत ठेवली. काचेवर वजन आलं, सुलटं, अडीच किलो. प्रिंटर कोपऱ्यात शहाण्या मुलासारखा गप्प होता. कॅप्टनच्या हातातला वडा अजून इतका गरम होता, की ते तो या हातातून त्या हातात करत होते. मेरूच्या इतिहासात वडा गार व्हायच्या आत संपलेलं ते पहिलं कंपाइल. नंतर मी सांगताना कधी कधी म्हणते, की तात्यांची कढई अजून चुलीवरच होती. तेही फारसं चूक नाही.

कॅप्टन दुसरा वडा घेत म्हणाले, "तुमच्याकडे बदल करताना नेहमी वडे खातात?"

"आजवर खायचो," रेगेबाई म्हणाल्या. "आता नाही परवडणार. बदल फार होतील."

बंदर मिळालं. वरचा मजला आमचाच राहिला. वड्यांचा नियम मात्र आपोआप गेला. हेडर बदललं तरी कुणाची दुपार खोळंबेना, मग दंड कसला? पाठारे काही दिवस सुतकात होता. मी मुद्दाम एकदा उपकरण डॉट एचमध्ये एक मोकळी जागा घालून बघितली, मोठ्यानं सांगितलंसुद्धा. कुणी मान वर केली नाही.

त्यानंतर केव्हातरी, पावसाळा सरून उघडीप पडली होती तेव्हा, रेगेबाई सकाळी वड्यांचं मोठं पुडकं घेऊन वर आल्या. कागद तेलानं पारदर्शक झालेला. मधोमध टेबलावर ठेवलं.

"बाई, कशाला हात लावलात?" पाठारेनं घाबरून विचारलं.

"तुम्ही सांगा."

आम्ही टर्मिनलं बघितली. सगळी सुरळीत. मुजावरनं त्याचं काम कंपाइल करून बघितलं, पाठारेनं काटा लावून बघितला. काही म्हणजे काही वेगळं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, काहीच झालेलं नाही."

"काल जाताना सर्व डॉट एच काढून टाकलं," रेगेबाई म्हणाल्या. "कुणी बोलवतच नव्हतं त्याला."

त्यांनी सगळ्यात मोठा वडा स्वतः उचलला, मिरची लावली, आणि डोळे मिटून खाल्ला. त्या हसत होत्या की काय, ते त्या दिवशी काही मला कळलं नाही. म्हणून मी दुसरा वडा त्यांच्यापुढं सरकवला.